हसलं की गुडघे वाकतात, वर्गात झोप लागते : ही नार्कोलेप्सी असू शकते

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. वर्षभर झालं, त्याला कुठेही झोप लागते, वर्गात, जेवताना, अगदी बोलता बोलता सुद्धा. रात्री वेळेवर झोपतो तरी हेच. घरातले म्हणतात आळशी झालाय, मोबाईल बघत बसत असेल. पण एक विचित्र गोष्ट म्हणजे जोरात हसला की त्याचे गुडघे वाकतात, मान खाली जाते, हातातलं पडतं, आणि अर्ध्या मिनिटात परत नॉर्मल. ही फिट आहे का?

उत्तर : ताई, हसण्याचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, आणि दिवसाच्या अशा झोपेबरोबर ती असेल तर पहिला संशय नार्कोलेप्सीचा, म्हणजे मेंदूला झोप आणि जाग नीट सांभाळता न येण्याच्या आजाराचा, घ्यायचा. बहुतेक फिटमध्ये शुद्ध हरपते किंवा भान तरी सुटतं, इथे माणूस पूर्ण शुद्धीत असतो, आजूबाजूचं सगळं ऐकतो, फक्त अंगातलं बळ जातं. पुढच्या वेळी तो सावरला की विचारा, आत्ता आम्ही काय बोलत होतो? त्याला सांगता येईल. आणि जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांसमोर तो हसेलच असं नाही ना.

होतं काय, तर मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात थोड्याशा पेशी हायपोक्रेटिन हे रसायन बनवतात (ओरेक्सिन पण तेच), आपल्याला सलग जागं ठेवायचं काम त्याचं. ते १९९८ साली सापडलं. कॅटाप्लेक्सी असलेल्या नार्कोलेप्सीत या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, बहुधा शरीराचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटल्यामुळे. एरवी स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, झोपल्यावर साधारण दीड तासाने येते आणि तेव्हा अंग लुळं पडतं, म्हणजे आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावरच राहतो. या आजारात रेम बऱ्याचदा १५ मिनिटांच्या आत येते आणि तिचे तुकडे जागेपणीही घुसतात, म्हणून हसताना अंग लुळं पडतं. त्याला एकटं गाठून प्रेमाने विचारा, जाग आल्यावर हलताच येत नाही असं होतं का, खोलीत कुणी उभं असल्यासारखं दिसतं का. मुलं हे लपवतात, वेडा म्हणतील या भीतीने.

न्यूरोलॉजिस्ट किंवा झोपेच्या तज्ज्ञाकडे जा. रात्रभर स्लीप स्टडी होते आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे दिवसा किती लवकर झोप लागते ते बघायची चाचणी, त्यात दर दोन तासांनी अशी चार-पाच वेळा झोपायची संधी देतात. सरासरी ८ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली आणि दोनदा रेम लवकर दिसली तर निदान पक्कं व्हायला मदत होते. आधीच्या एकदोन आठवड्यांची झोपेची नोंद लिहून न्या, चालू औषधं सांगा, पण स्वतःहून एकही बंद करू नका.

आजार मुळापासून जात नाही हे खरं, पण औषधांनी आणि वेळ ठरवून घेतलेल्या १५-२० मिनिटांच्या डुलक्यांनी शिक्षण, नोकरी सगळं होतं. शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या, परीक्षेत ब्रेक मागा. आणि घरच्यांना आजच सांगा की आळशी म्हणणं बंद करा, हे मला अगदी कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण निदान व्हायला कित्येकांची वर्षं जातात आणि तोवर मुलाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागतं.

प्रश्न : मी २६ वर्षांची, नार्कोलेप्सीसाठी मोडाफिनिल (दिवसा जागं राहायची गोळी) चालू आहे. ऑफिसात दुपारी झोपायची लाज वाटते, त्याऐवजी एक गोळी जास्त घेतली तर? आणि गाडी चालवू का?

उत्तर : मनाने डोस वाढवू नका, रात्रीची झोप बिघडेल आणि या आजारात ती तशीही तुटक असते. बॉसला आजाराचं नाव सांगून डुलकीची वेळ आणि जागा मागून घ्या. गाडीचं म्हणाल तर झोप आणि कॅटाप्लेक्सी दोन्ही आटोक्यात आहेत असं डॉक्टर म्हणेपर्यंत नको, नंतरही लांबचा प्रवास एकटीने नकोच. अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, औषध थांबवल्यावरही महिना-दोन महिने. त्या घेत असाल किंवा बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.