सॅक्रामेंटो किंग्जकडे मोठे खेळाडू स्वतःहून का येत नाहीत? शहर लहान म्हणून का?

प्रश्नातलं दुसरं वाक्य नसतं तर मी पुढे गेलो असतो. किंग्ज हा आमचा एनबीएतला, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधला संघ. २००० सालापासून मी सॅक्रामेंटोजवळ राहतोय आणि "शहर लहान म्हणून" हे तेव्हापासून ऐकतोय, बहुतेकदा आमच्या साडूभाऊंच्या तोंडून. ते फ्रीमाँटला असतात. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या माणसाला सॅक्रामेंटो म्हणजे टाहो तलावाला जाताना पेट्रोल भरायची जागा.

३० एप्रिल २०२३, रविवार. किंग्ज विरुद्ध बे एरियाचे वॉरियर्स, प्लेऑफच्या (अजिंक्यपदासाठीच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीचा सातवा, निर्णायक सामना, आमच्या गावात. सोळा सीझन प्लेऑफचं तोंड न पाहिलेला संघ, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ, आणि त्या वर्षी तो संपला होता. तिकिटं मी काढली. आकडा हिला अजून खरा सांगितलेला नाही. साडूभाऊ आदल्या रात्रीच मुक्कामाला आले आणि सकाळी पोह्यांना बसले ते थेट वॉरियर्सच्या स्टीफन करीची ३० नंबरची जर्सी घालून. माझ्या घरात, माझ्या टेबलावर. लिंबू पिळता पिळता म्हणाले, "काय आहे ना, ज्याच्यात दम असतो तो इथे राहत नाही."

हे बास्केटबॉलबद्दल होतं असं तुम्हाला वाटेल. २००४ साली मी बे एरियातल्या सँटा क्लाराची एक नोकरी नाकारली होती. साडूभाऊंच्या मते तेव्हा माझी छाती झाली नाही. एकोणीस वर्षं झाली होती, विषय संपला नव्हता.

मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. मग करी सुटला. पन्नास गुण. त्यांचा लूनी आमच्याच रिंगखालून रिबाउंड (हुकलेल्या फेकीचे चेंडू) उचलून नेत होता आणि आम्ही बघत होतो. १२०-१००. पार्किंगपर्यंत साडूभाऊ एक शब्द बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "असा खेळाडू तुमच्याकडे कधी येणार हो?"

मी किल्ली फिरवलीच नाही. म्हटलं, हाच येत होता. २००९ चा ड्राफ्ट, म्हणजे संघ नंबराने नवे खेळाडू निवडतात तो, आमचा नंबर चौथा. करी समोर बसलेला. आम्ही टायरीक इव्हान्स घेतला, करी सातव्या नंबरवर तुमच्याकडे गेला. तुमचं शहर बघून नाही गेला, तुम्ही त्याचं नाव पुकारलंत म्हणून गेला. ड्राफ्टमध्ये पोराला कोण विचारतो? २०११ ला आमच्याकडे सातवा नंबर होता, तो देऊन दहावा घेतला आणि त्यावर जिमर फ्रेडेट. अकराव्यावर तुमचा क्ले थॉम्पसन. २०१२ ला पाचव्यावर थॉमस रॉबिन्सन, सहाव्यावर लिलार्ड पोर्टलंडला. २०१८ ला दुसऱ्यावर मार्व्हिन बॅगली, तिसऱ्यावर डॉन्चिच. चार वेळा लक्ष्मी दारात आली आणि आम्ही आतून कडी लावली. यात शहराचा काय दोष?

आणि शहर तेच असताना काय झालं होतं तेही बघा. १९९८ ला क्रिस वेबर ट्रेडमधून, म्हणजे संघांच्या अदलाबदलीत, इथे आला तेव्हा त्याला यायचंच नव्हतं. पुढच्या जानेवारीत व्लादे दिवाच फ्री एजंट म्हणून, म्हणजे करारातून मोकळा असताना, स्वतःहून आला. वर संघ जमवणारा मॅनेजर जेफ पेट्री, कोच रिक अॅडलमन, आठ सीझन तीच जोडी आणि आठही वेळा प्लेऑफ. २००१ ला वेबर मोकळा झाला, कुठेही जाऊ शकत होता. सात वर्षांचा करार करून इथेच राहिला. २००२ ला ६१ सामने जिंकलो. त्या वर्षीच्या प्लेऑफमधल्या, लॉस एंजेलिसच्या लेकर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्याबद्दल मी लिहिणार नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये पंचांनी त्यांना २७ फ्री थ्रो (फाउलबद्दलच्या मोकळ्या फेकी) दिले, बास. त्यांचा कोच फिल जॅक्सनने गावाला अर्धसंस्कृत म्हटलं, तर लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मैदानात बसले. माझीही एक होती, आहे. उन्हाळ्यात तेव्हाही चाळीस अंश होतं आणि हिवाळ्यात तेच दाट धुकं.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या खेळाडूचा पगार लीगच्या नियमाने वर बांधलेला असतो. जुन्या संघाला एक वर्ष जास्तीचं देता येतं, बाकी सगळे साधारण तेवढंच देणार. मग खेळाडू बघतो काय? कॅलिफोर्नियाचा कर म्हणू नका, तो लेकर्स-वॉरियर्सनाही आहे. तो बघतो की हे लोक दोन वर्षांनी असेच असतील का.

आता अवघड भाग. २०१३ ला विवेक रणदिवेंनी संघ घेतला, सिएटलला जाता जाता वाचवला. मुंबईत जन्मलेला माणूस, हे आडनाव. आमच्या मंडळात त्या वर्षीच्या गणपतीत दुसरा विषय नव्हता. मीही छाती फुगवून फिरलो. २०१९ ला तर संघ वरळीच्या डोममध्ये खेळून आला. पण २०१३ ते २०२४ या काळात, हंगामी धरून, आठ कोच झाले. माइक मलोनला डिसेंबर २०१४ ला काढलं, त्याने २०२३ ला डेन्व्हरला अजिंक्यपद दिलं. माइक ब्राउन २०२३ ला एकमताने वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरला आणि डिसेंबर २०२४ ला घरी. दोन महिन्यांत आमचा मोठा खेळाडू डि'आरन फॉक्सही गेला. कुठे? सॅन अँटोनियोला! ते काय मायामी आहे? हे मंडळात बोललो तर "आपल्या माणसाबद्दल असं बोलू नये" असं मला ऐकवण्यात आलं.

खरं सांगायचं तर लेकर्सनी असाच गोंधळ घातला असता तर त्यांना चाललं असतं. पाच वर्षं प्लेऑफ नाही आणि तरी २०१८ ला लेब्रॉन जेम्स तिकडे गेला. तेव्हा शहराचा अजिबात संबंध नाही असं मी म्हणत नाही. मोठ्या शहराला चुका माफ असतात, लहानाला नसतात, इतकंच. शिवाय आमचा तरुण हॅलिबर्टन ट्रेडमध्ये दिला म्हणून मी अजून चरफडतो, पण त्याच्या बदल्यात साबोनिस आला नसता तर २०२३ चा तो रविवारही आला नसता.

तुम्ही या खेळात नवीन असाल, तर संघ शहर बघून निवडू नका; कोच किती टिकतो ते बघा. नोकरीलाही हेच लावा. २००४ च्या त्या कंपनीत माझी मुलाखत घेणारे तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते आणि त्यातले दोघं मी उत्तर कळवायच्या आत सोडून गेले होते. मी शहराला घाबरलो नव्हतो. हे मी साडूभाऊंना त्या दिवशी पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं समजावलं. मागे गाड्या हॉर्न देत होत्या. शेवटी ते म्हणाले, "बरं, पण आता घरी चला, भूक लागलीय."

त्यांची धाकटी आता यूसी डेव्हिसला आहे, आमच्यापासून अर्ध्या तासावर. रविवारी जेवायला येते. घंटा तिने नेलीय.