बिग स्टार हा अमेरिकन रॉक बँड एवढा भारी होता तर त्या काळात चालला का नाही? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

चालला नाही कारण रेकॉर्डच दुकानात मिळत नव्हती. "काळाच्या पुढचं संगीत होतं, लोकांना कळलं नाही" असं जिथेतिथे वाचायला मिळतं, मला ते अजिबात पटत नाही. कळायला आधी कानावर पडायला तरी पाहिजे ना!

मेम्फिस, १९७१. ॲलेक्स चिल्टन तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा, पण नवखा नव्हता, सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स या बँडसाठी त्याने गायलेलं 'द लेटर' १९६७ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलेलं. दुसरीकडे क्रिस बेल आणि त्याचे मित्र जॉन फ्रायच्या आर्डेंट स्टुडिओत गिऱ्हाईक नसेल तेव्हा रात्री बसून रेकॉर्डिंग शिकत होते, त्यांना हा येऊन मिळाला. नाव घेतलं एका सुपरमार्केटचं. १९७२ मध्ये पहिला अल्बम आला, 'नंबर वन रेकॉर्ड', समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण माल दुकानात पोचवायचं काम होतं स्टॅक्सकडे, ती मुळात सोल संगीतातली कंपनी, रॉकचं मार्केट त्यांचं नव्हतंच. मग स्टॅक्सने वितरण कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे दिलं, तो करार ज्याने केला त्या कोलंबियाच्या प्रमुखाला, क्लाइव्ह डेव्हिसला, १९७३ मध्ये कोलंबियाने काढून टाकलं आणि नंतर तिथे कुणाला यात रस उरला नाही. १९७४ चा दुसरा अल्बम 'रेडिओ सिटी' स्टॅक्स आणि कोलंबियाच्या भांडणात सापडला. माझ्या मते तो त्या दशकातल्या सगळ्यात चांगल्या गिटार अल्बमपैकी एक आहे, त्यामुळे हे लिहितानासुद्धा राग येतो.

बेल तर पहिल्या अल्बमनंतरच बाहेर पडला होता, १९७८ च्या डिसेंबरमध्ये कार अपघातात गेला, वय २७.

आता चाहत्यांचं. मे १९७३ मध्ये मेम्फिसमध्ये रॉकवर लिहिणाऱ्यांचं संमेलन झालं, तिथे बँड वाजला आणि पेन घेऊन बसणारी मंडळी चक्क नाचली. तिथून यांची रेकॉर्ड एकाने दुसऱ्याला ऐकवत पसरली, आणि ऐकणाऱ्यांतले बरेच जण पुढे स्वतः बँड काढणारे निघाले. आर.ई.एम. बँडवाले सतत यांचं नाव घ्यायचे, बँगल्स बँडने १९८६ मध्ये यांचं 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं, रिप्लेसमेंट्स बँडने १९८७ मध्ये थेट 'ॲलेक्स चिल्टन' नावाचं गाणंच केलं. १९९३ मध्ये मिसूरी युनिव्हर्सिटीच्या कॉलेज रेडिओवरच्या पोरांनी चिल्टनला विचारलं, येतोस का वाजवायला, आणि तो चक्क हो म्हणाला! ड्रमवर मूळ बँडमधलाच जोडी स्टीफन्स, सोबत पोझीज बँडचे दोघं, जे स्वतः याच रेकॉर्ड ऐकून तयार झालेले. चिल्टन २०१० मध्ये जाईपर्यंत ही जोडणी टिकली. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात आवडतं, की चाहतेच बँडमध्ये आले.

सुरुवात 'रेडिओ सिटी'पासून करा, आणि त्यातही 'सप्टेंबर गर्ल्स'. तीन मिनिटांच्या आत संपतं, चाल एकदम उजळ आणि गाणाऱ्याच्या आवाजात मात्र काहीतरी तुटलेलं, पॉवर पॉप, म्हणजे गोड चाल आणि दणदणीत गिटार, काय असतं हे मी कुणालाही सांगण्याऐवजी हेच ऐकवतो. हेडफोन लावा, फ्रायने गिटारची एकेक तार वेगळी ऐकू येईल असं रेकॉर्ड केलंय. मग पहिला अल्बम, त्यात 'थर्टीन' हे शाळकरी प्रेमाचं गाणं आहे, नुसतं गिटार आणि आवाज. तिसरा अल्बम 'थर्ड' मात्र लगेच नको. १९७४ मध्ये रेकॉर्ड होऊन १९७८ पर्यंत पडून राहिलेला अल्बम आहे, बँड जवळजवळ विस्कटला होता आणि ते त्यात ऐकू येतं, आधीचे दोन अंगवळणी पडले की मगच तो लागतो. आणि 'थर्ड'च्याही आधी क्रिस बेलचं 'आय ॲम द कॉसमॉस' ऐका, तो जिवंत असताना त्याच्या एकट्याच्या नावावर एवढी एकच सिंगल निघाली, पूर्ण अल्बम यायला १९९२ उजाडलं.