८ मार्चला मंडळात काय वाचावं?

प्रश्न : फोंडा तालुक्यातलं आमचं महिला मंडळ दर ८ मार्चला पाककला स्पर्धा घेतं. यंदा बायकांनी लिहिलेलं काहीतरी मोठ्याने वाचायचं ठरलंय. निम्म्या जणींना पुस्तकाची सवय नाही. ख्रिस्ती शेजारणीही येतात. त्यांना मराठी समजतं, वाचता येत नाही. एकीने ‘स्मृतिचित्रे’ सुचवलं, पण त्यात धर्मांतर आहे म्हणून बाकीच्या बिचकतात. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ‘स्मृतिचित्रे’च घ्या, लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करताना मी कितीतरी पुस्तकं आग्रहाने लोकांच्या हाती दिली आणि ती न उघडता परत आली. लक्ष्मीबाई टिळक मात्र कधी तशा परत आल्या नाहीत. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, म्हणून लिहिणं बोलण्यासारखं आहे. मोठ्याने वाचायला याहून सोयीचं काय?

सुरुवात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्यापासून करा. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही! बायका हसतील, कारण असा एखादा म्हातारा प्रत्येकीच्या माहेरी होऊन गेलेला असतो. मग धर्मांतराचा भाग. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले, बाई त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्या नवऱ्याकडे परत आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. ते सोवळं एकेक करून कसं सुटत गेलं, हे त्यांनी स्वतःवर हसत सांगितलंय. कोणाला नावं ठेवलेली नाहीत, कोणाला गौरवलेलंही नाही. आपल्या गोव्यात एकाच वाड्यावर तुळस आणि खुरीस (क्रूस) दोन्ही असतात. हे प्रकरण शेजारणींसमोर वाचायला कसली भीती? उलट त्याच जास्त बोलतील.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) फक्त दोन-तीन पानं वाचा. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, वर्तमानपत्रं सरसकट बायकांवर तुटून पडली. त्यावर बुलढाण्याच्या या बाईने दिलेलं हे उत्तर. हे आधी सांगा, नाहीतर तिचा संताप कुठून आला ते कळायचं नाही. सलग वाचलं तर मात्र दमायला होतं, हे माझं मत.

दलित लेखिका ऊर्मिला पवारांचं आत्मकथन ‘आयदान’ पुढच्या खेपेला ठेवा. रत्नागिरीकडची, टोपल्या विणून घर चालवणारी त्यांची आई तुमच्याकडच्या बायकांना लगेच ओळखीची वाटेल. जातीचे प्रसंग गाळू नका. ते गाळले तर पुस्तकात उरेल काय?

आणि सगळं मराठीच हवं असा हट्ट कशाला? मीना काकोडकरांच्या ‘सपन फुलां’ला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. कोंकणी कथा, देवनागरी लिपी. त्यातली एखादी कथा बोलायला धीट असलेल्या मुलीला वाचायला द्या.

पाककला स्पर्धा बंद करू नका. फक्त वाचन आधी ठेवा आणि ताटं मागून उघडा. उलटं केलंत तर निम्म्या जणी खाऊन संध्याकाळच्या बसला निघून जातील.