सासूबाईंचा राहिलेला फॉलो-अप, सासऱ्यांचं पॅकेज आणि करोनाचा हिशेब

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. सासूबाई ७४ वर्षांच्या, २०१७ साली डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन, नंतर लेट्रोझोलची (कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनची) रोज एक गोळी. मार्च २०२० पासून फॉलो-अप बंद, गोळीही त्याच वर्षी कधीतरी सुटली, आणि आता त्यांचं म्हणणं, 'इतकी वर्षं काही झालं नाही, उगाच कशाला उकरून काढता?' सासरे ७९, तक्रार काही नाही. तुमच्या मिस्टरांनी दोघांसाठी 'कॅन्सर मार्कर'सकट फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बघून ठेवलंय. वर तुम्ही विचारलंय की करोनात तपासण्या बुडाल्यामुळे म्हाताऱ्या माणसांचं खरंच एवढं नुकसान झालं का, की पेपरवाल्यांनी फुगवलं.

घाईत असाल तर एवढंच वाचा: सासूबाईंना याच महिन्यात घेऊन जा. सासऱ्यांचं पॅकेज राहू द्या. कारणं पुढे.

मी डॉक्टर नाही. कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी केली, २०२० मध्येही तिथेच होते. योजनांचे कागद, पेशंटच्या राहण्याची सोय आणि तारखेला न आलेल्यांना फोन, हे माझं काम. औषधांबद्दल जे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांशी ताडून बघा.

नुकसान झालं का? झालं, आणि त्याचे आकडे आहेत. नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं एक जाळं आहे. त्यातल्या ४१ रुग्णालयांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची २०१९च्या त्याच तीन महिन्यांशी तुलना केली. 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये ती छापून आली. नव्या पेशंटची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे ५४ टक्के घट. फॉलो-अप ४६ टक्क्यांनी कमी, मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी, डे-केअरची केमो ३७ टक्क्यांनी. रेडिएशन मात्र २३ टक्केच घसरलं, मला वाटतं, एकदा सुरू केलेला शेक शक्यतो कोणी अर्ध्यात सोडत नाही आणि डॉक्टरही सोडू देत नाहीत. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची घसरण जास्त होती. त्याचं नवल नाही, त्यांचे पेशंट बाहेरगावचे. मला सगळ्यात खुपतो तो एक आकडा फारसा कुठे आला नाही: वेदनाशामक उपचारांसाठी, म्हणजे पॅलिएटिव्हकडे, पाठवलेले पेशंट २९ टक्क्यांनी कमी झाले. ते पेशंट बरे झाले नव्हते. घरी कण्हत होते. मॉर्फिनच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत.

त्याच पाहणीत असंही आहे की सत्तर टक्क्यांहून जास्त रुग्णालयांत स्क्रीनिंग, म्हणजे तक्रार नसलेल्यांची तपासणी, एकतर पूर्ण बंद होतं किंवा नेहमीच्या पाव क्षमतेच्याही खाली होतं. हेच वाक्य उचलून 'स्क्रीनिंग ठप्प' अशा बातम्या झाल्या आणि तिथेच गल्लत झाली. कारण आपल्याकडे ठप्प व्हायला मुळात होतं किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. स्तनाची झालेल्या ०.९ टक्के, एक टक्कासुद्धा नाही. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांना तर त्या पाहणीत हा प्रश्न विचारलेलाच नाही. इंग्लंडमध्ये ५० ते ७१ वयाच्या बाईला दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, पत्र घरी येतं. तिथे पत्रं थांबली तर किती बायका राहिल्या ते मोजता येतं. आपल्या आजीला पत्र कधी आलंच नव्हतं.

गंमत म्हणजे साध्या तपासणीने पन्नाशीपुढच्या बायका वाचतात, याचा पुरावा आपल्याच राज्यात तयार झालाय. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका घेऊन एक अभ्यास केला. मॅमोग्राफी नाही, मशीन नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या. वीस वर्षांचा निकाल फेब्रुवारी २०२१ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला: पन्नाशीच्या आत फारसा फायदा नाही, पण पन्नास आणि त्यापुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. तेव्हा सगळे लशीच्या रांगेची चर्चा करत होते, कोणाचं लक्ष गेलं नाही.

मग आपल्याकडे बुडालं काय? लक्षण दिसल्यावर दार ठोठवायची सोय बुडाली. आपल्या म्हाताऱ्या माणसाचा कॅन्सर बहुतेक वेळा स्क्रीनिंगमध्ये सापडत नाही. फॅमिली डॉक्टर दुसऱ्याच कशासाठी तपासताना मान चाचपतो, दातांचा डॉक्टर कवळीचं माप घेताना गालाच्या आत पांढरा चट्टा बघतो, मुलगी दिवाळीला आल्यावर म्हणते, 'आई, किती वाळलीस!' २०२० मध्ये ही तिन्ही दारं एकदम लागली. छोटे दवाखाने बंद, डेंटिस्टला तातडीचं सोडून काही करायची मुभा नाही, मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात आणि मध्ये ई-पास.

एका आजींचं सांगते, गाव-नाव सांगत नाही. आयुष्यभर मिशरी लावलेली. लॉकडाऊनमध्ये सुनेच्या लक्षात आलं की सासू भाकरी दुधात कुस्करून खातेय. मग भाकरी सुटली, पेज सुरू झाली. घरच्यांना वाटलं दात गेले, वय झालं. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, पण तोंडात बघणार कोण? बाहेर पडायचं तर मास्क, त्यामुळे गालाची सूज शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसली नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा गालाला बाहेरून भोक पडलं होतं. अशा आजी मी आधीही पाहिल्या होत्या, पण २०२०च्या पावसाळ्यानंतर त्या रोजच्या ओपीडीत दिसू लागल्या. पाळी गेल्यावर वीस वर्षांनी अंगावरून जाऊ लागलेल्या बायका, शौचातून रक्त पडतंय त्याला मूळव्याध समजून चूर्ण घेणारे आजोबा, करोनाचा खोकला म्हणून तीनदा टेस्ट करून घेतलेले पण छातीचा फोटो एकदाही न काढलेले गृहस्थ. सगळ्यांनी दुखणं अंगावर काढलेलं.

म्हातारी माणसंच जास्त का अडकली, याचं एक कारण मला अजून चीड आणतं. केंद्राच्या आदेशात ६५ वर्षांवरच्यांनी घरीच राहावं असं होतं, पण त्याच वाक्यात 'अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचं कारण सोडून' असंही होतं. घराघरांत पहिला अर्धा पोचला, दुसरा पोचला नाही. मी फोन केला की मुलगा सांगायचा, 'मॅडम, सरकारनेच बाहेर काढू नका म्हणून सांगितलंय.' भीती खोटी नव्हती, म्हाताऱ्या कॅन्सर पेशंटला करोना झाला तर धोका खरोखरच मोठा होता. पण एक महिना थांबणं आणि वर्षभर थांबणं यांत फरक आहे, आणि तो फरक घरी बसलेल्या माणसाला कोणी समजावून सांगितला नाही.

बाकी अडचणी तुम्हाला माहीतच आहेत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, जूनमध्ये सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी ऑगस्टमध्ये सुरू झाली. ज्येष्ठांची रेल्वे सवलत तेव्हा जी गेली ती गेलीच. (कॅन्सर पेशंटची सवलत वेगळी आहे आणि ती चालू आहे, पुष्कळांना हे ठाऊक नसतं.) डॉक्टरांनीही पेशंट निवडून घेतले. टाटा मेमोरियलने लॉकडाऊनच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत, २३ मार्च ते ३० एप्रिल, ४९४ ऑपरेशनं केली आणि एकही मृत्यू झाला नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या ४९४ मध्ये साठीच्या पुढचे फक्त १३ टक्के होते. त्या वेळी तसं करणं शहाणपणाचंच होतं. तरी कोणीतरी मागे राहिलंच, आणि ते कोण हे वयावरून कळतं.

काही गोष्टी त्या काळात सुधारल्या, त्याही सांगते. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले आणि फोनवर सल्ला देणं कायदेशीर झालं. आता काही ठिकाणी एक फॉलो-अप प्रत्यक्ष आणि एक फोनवर असं चालतं, गुडघे गेलेल्या माणसाला हे वरदान आहे. (फोनवरून गाठ मात्र चाचपता येत नाही.) स्तनाच्या रेडिएशनचं तीन आठवड्यांत पंधरा वेळा शेक देऊन होणारं काम एका आठवड्यात पाच वेळांत तितकंच चांगलं होतं, हा ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष नेमका एप्रिल २०२० मध्ये आला. धर्मशाळेत तीन आठवडे राहणं आणि एक आठवडा राहणं यांतला फरक सत्तरीच्या बाईला विचारा.

करोनाने किंवा लशीने कॅन्सर वाढला का, असंही तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी विचारलंय. तसं सिद्ध झालेलं नाही. रुग्णालयं उघडल्यावर गर्दी दिसली ती तुंबलेल्या पेशंटची.

आता सासूबाई. त्यांचं जे राहिलंय ते स्क्रीनिंग नाही. एकदा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचा फॉलो-अप आहे तो, त्याला 'आता वय झालं, काय करायच्या तपासण्या' हा नियम लागत नाही. दोन्ही बाजू आणि काखा हाताने तपासून घ्यायच्या आणि उजव्या स्तनाची मॅमोग्राफी (डावा स्तन पूर्ण काढला नसेल तर दोन्हींची). ती खरं तर दरवर्षी व्हायला हवी होती. जुनी चिठ्ठी दाखवून लेट्रोझोल आणू नका. पुन्हा द्यायची की नाही हे डॉक्टर मूळ बायॉप्सीच्या रिपोर्टवरून आणि आधी किती वर्षं घेतली त्यावरून ठरवतील. या गोळीने हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणीही विचारा. जुनी फाइल सापडत नसेल तर फाइल नंबर किंवा ऑपरेशनची साधारण तारीख घेऊन त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जा, डिस्चार्ज कार्ड आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट काढून मिळतो. इआर-पीआर (गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का, ते सांगणारी तपासणी) लिहिलेलं पान त्यात आहे ना, ते तिथल्या तिथे बघून घ्या.

जायच्या आधी एक करा. घरात कोणी नसताना, नवऱ्याला किंवा मुलाला बाजूला ठेवून, तुम्ही स्वतः त्यांना विचारा की आंघोळ करताना हाताला काही लागतं का, पाठ किंवा कंबर रात्री दुखते का. 'कशाला उकरता' असं ठासून म्हणणाऱ्या काही बायकांना आधीच काहीतरी लागलेलं असतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. दुसरी भीती ओरडा खायची. ओपीडीत शिरल्या शिरल्या तुम्हीच सांगा, 'लॉकडाऊनमध्ये खंड पडला, त्यानंतर आलो नाही.' हे वाक्य तिथल्या लोकांनी हजारदा ऐकलंय. कोणी वसकन बोललंच तर ऐकून घ्या आणि नंबर लावा.

काही निघालं तर 'या वयात झेपेल का' हा प्रश्न येईल. वयाच्या आकड्यावरून ते ठरत नाही. चालणं कसं आहे, विसरतात का, रोज किती गोळ्या चालू आहेत, घरी कोण आहे, हे नीट तपासून उपचार ठरवण्याची पद्धत आहे, टाटात त्यासाठी ज्येष्ठांची वेगळी ओपीडीही आहे. अमेरिकेत सत्तरीच्या पुढच्या पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात अशी माहिती डॉक्टरांच्या हातात दिल्यावर उपचारांचे गंभीर दुष्परिणाम झालेल्या पेशंटचं प्रमाण ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आलं. म्हणून सगळी औषधं पिशवीत घालून न्या, यादी नको, डब्याच न्या.

सासरे. ७९व्या वर्षी तक्रार नसताना सीईए, पीएसए (प्रोस्टेटची) वगैरे 'मार्कर'च्या रक्ततपासण्या करून हाती लागतं ते बहुधा टेन्शन. सीईए बिडी-सिगारेटनेही वाढतो, पीएसए साध्या वाढलेल्या प्रोस्टेटनेही. वाढलेला पीएसए दिसला की एमआरआय, मग बायॉप्सी, आणि शेवटी पुष्कळदा असा संथ कॅन्सर सापडतो ज्याने त्यांना उभ्या आयुष्यात त्रास दिला नसता. अमेरिकेतली अधिकृत शिफारसही सत्तरीनंतर पीएसए स्क्रीनिंग करू नये अशीच आहे. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत, त्यांना वार्षिक ऑफर खपवायची असते. फक्त 'तक्रार नाही' हे त्यांचं म्हणणं जसंच्या तसं घेऊ नका. पट्ट्याचं भोक आत गेलंय का, लघवीत किंवा शौचात रक्त दिसतं का, आवाज बसलाय का, एवढं विचारा. आणि तंबाखू खात असतील तर टॉर्च लावून तोंड मात्र कोणत्याही वयात दाखवून घ्या. त्याचा उपयोग होतो हे तिरुवनंतपुरमच्या तोंड-तपासणीच्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये दिसलंय.

आणि निघण्याआधी दोघांची आयुष्मान वय वंदना कार्डं (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची) काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना मिळतात, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं. वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते कुटुंबाला, म्हणजे दोघांत मिळून. रुग्णालय योजनेत आहे का, हे नोंदणीच्या खिडकीवरच विचारा. ॲडमिट झाल्यावर विचारलं की कागदांची धावपळ होते, आणि ती सूनच करते.