ऑटिझम आणि एडीएचडी असलेल्या, घरीच शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास सहलीतही चालू ठेवावा का?

आपला मुलगा ऑटिस्टिक आहे, मुलीला एडीएचडी आहे, दोघेही घरीच शिकतात आणि आठवडाभराच्या सहलीत अभ्यास चालू ठेवावा का, असे आपण विचारले आहे. वह्या-पुस्तके खुशाल घरी ठेवा. दिवसाचा क्रम मात्र सोबत न्या: जेवण, एकांत आणि झोप यांच्या वेळा शक्य तितक्या नेहमीच्याच असू द्या, आणि मुक्कामाच्या खोलीचे फोटो मुलांना आधीच दाखवा.

‘ही घरीच तर असतात, यांना कसली सुट्टी?’ हे आपल्यालाही कोणीतरी ऐकवले असेलच. मला ते माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, डोंगरावर दोराने ओढल्या जाणाऱ्या फनिक्युलर रेल्वेच्या खालच्या स्थानकावर, सर्वांसमक्ष ऐकवले. त्यांच्या मुलांच्या शाळेला सुट्टी होती म्हणून सहल त्याच दिवसांत बसवली होती, आणि त्यामुळेच तिथे मुंगीलाही वाट नव्हती. माझ्या ऑटिस्टिक मुलाला डब्यात बसायचेच नव्हते. त्याला खाली उभे राहून दोर पाहायचा होता. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे असतात, उतरणाऱ्या डब्याचे वजन चढणाऱ्याला वर ओढायला मदत करते, आणि दोघांची गाठ नेमकी निम्म्या वाटेवर पडत असल्याने दुहेरी रूळ तेवढ्याच ठिकाणी लागतात, हे त्याने कोणी न सांगता ताडले आणि तिकिटाच्या पाठीमागे आकृती काढून मला समजावले. जाऊबाईंच्या मते तिकीट वाया गेले होते. त्यांनी दंड धरून त्याला डब्यात नेऊ पाहिले, तेव्हा तो कान झाकून खाली कोसळला. ‘शाळेत घातले असते तर हा हट्ट राहिला नसता,’ असे त्या म्हणाल्या.

हट्ट करणारे मूल हवे ते मिळाले की थांबते. मेल्टडाउनमधल्या, म्हणजे ताण असह्य होऊन कोसळलेल्या, मुलाला काहीही दिले तरी ताण ओसरेपर्यंत थांबता येत नाही. गर्दीची सवय ओढून नेऊन लागते, यावर माझा आजही विश्वास नाही. शाळेच्या वेळापत्रकाने आपले हात बांधलेले नसताना ऐन सुट्टीच्या गर्दीत मुलांना नेणारे पालक मला समजतच नाहीत.

आपल्या मुलीविषयी थोडक्यात सांगते: एडीएचडी असलेल्या मुलांना चालण्यापेक्षा रांगेत थांबणे अधिक जड जाते, म्हणून दिवसाकाठी रांगेचे एकच ठिकाण ठेवा. मुलासाठी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेणार असाल, तर ते इंजिनाच्या संथ घरघरीवर चांगले चालतात. भोंग्यासारख्या अचानक आवाजासाठी कान पूर्ण झाकणारे साधे इअर डिफेंडरच बरे.

हे सर्व माझ्या मुलावरून लिहिले आहे. काही ऑटिस्टिक मुलांना गजबजाट आवडतोही. विमानाने जाणार असाल तर २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली, न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून वापरली जाणारी सूर्यफुलांच्या चित्रांची फीत आता अनेक विमानतळांवर मिळते, पण ती गळ्यात घातल्याने कर्मचाऱ्यांना गरज कळते, रांग टळेलच असे नाही. मुलीला औषध चालू असल्यास त्या देशाचे नियम आधी तपासा. अ‍ॅडेरॉलसारखे अ‍ॅम्फेटामीनयुक्त औषध जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. आणि नातेवाईक सोबत असतील तर मुक्काम वेगळा ठेवा. जाऊबाईंनी हे उत्तर वाचले, तरी हा सल्ला मी बदलणार नाही.