मेटॅलिक ग्लासचे भाग थ्रीडी प्रिंटिंगने करून बॉयलरमध्ये वापरता येतील का?

भुसावळच्या दीपनगर वीजकेंद्रातील बॉयलरच्या नळ्या राखेच्या माऱ्याने झिजतात, त्याऐवजी मेटॅलिक ग्लासचे छापलेले भाग का बसवू नयेत, असे आपण विचारले आहे. मेटॅलिक ग्लास म्हणजे धातूची काच: स्फटिक, म्हणजेच दाणे, न बनता गोठलेला मिश्रधातू. मी धुळ्यात धातुशास्त्र शिकवतो. माझे उत्तर आज तरी नकारार्थी आहे, आणि अडचण छपाईपेक्षा तापमानाची अधिक आहे.

आपल्या खान्देशात होळीला मिळणारे साखरेचे हार-कडे पांढरे व अपारदर्शक असतात, कारण त्यांच्या पाकाला दाणे धरू दिलेले असतात. तोच कडक पाक थंड ताटावर पातळ ओतला, तर काचेसारखा पारदर्शक राहतो. धातूला दाणे धरू न देणे मात्र फार कठीण आहे. 1960 मध्ये कॅलिफोर्नियात सोने व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूची अशी पहिली काच झाली, तेव्हा थंड होण्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा लाख अंश ठेवावा लागला होता. जाड ओतीव भाग आतून सावकाश थंड होतो, म्हणून ओतकामाला जाडीची मर्यादा असते. थ्रीडी छपाईत धातूच्या भुकटीचे थर लेसरने वितळवतात; लेसर एका वेळी भुकटीचा अगदी लहानसा ठिपकाच वितळवतो आणि तो ताबडतोब गोठतो, म्हणून ही मर्यादा बरीच सुटते. परंतु प्रत्येक नवा थर खालच्या थरांना पुन्हा तापवतो, तेथे दाणे धरू लागतात. भुकटीतील प्राणवायू त्यात भर घालतो, आणि लोहाधारित काच मुळातच ठिसूळ असल्याने छापतानाच तडकते.

या सर्वांवर मात केली तरी झिर्कोनियमची प्रसिद्ध काच 350 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि दीपनगरसारख्या केंद्रांतील मुख्य वाफ सुमारे 540 अंशांची असते. इरिडियम, निकेल, टँटलम व बोरॉन यांची काच 850 अंशांच्याही वर टिकते, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. पण इरिडियमच्या भावात नळ्या करण्याचा विचार जळगावच्या सराफालासुद्धा परवडणार नाही. लोहाधारित काचेचा पातळ लेप नळीवर फवारणे हा त्यामानाने व्यवहार्य मार्ग आहे, आणि तोही त्या काचेच्या स्फटिकीभवनाच्या तापमानापेक्षा बऱ्याच खालीच.

आपल्या डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरतात ती लोह-सिलिकॉन-बोरॉनच्या धातूच्या काचेची फीत मिळवावी, परंतु जुन्या गाभ्यातली नको. ती आधीच भट्टीतून काढलेली असल्याने पापडासारखी मोडते. कोरी फीत पूर्ण दुमडली तरी तुटत नाही. तिचे तुकडे भट्टीत 250 अंशांपासून पन्नास-पन्नास अंश वाढवत तापवावेत व थंड झाल्यावर दुमडून पाहावेत: स्फटिक बनण्याच्या कितीतरी आधी ती मोडू लागलेली दिसेल.