दार उघडलं, तरी कोंबड्या उंबऱ्यातच

प्रश्न : निवृत्त होऊन गावी आलो आणि पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यांत वाढलेल्या 12 तलंगा (तरुण कोंबड्या) आणल्या. पाच गुंठ्यांना जाळी मारली, झाडोरा काढून जागा लख्ख केली. पण सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळ्या उंबऱ्याशीच घुटमळतात. बायको म्हणते, ‘हौस तुम्हाला आहे, त्यांना नाही.’ कोंबड्यांना मोकळं फिरणं खरंच आवडतं का?
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : आवडतं. पण तुम्ही त्यांना जे दिलंय ते नाही आवडत. ‘लख्ख’ हा शब्द वाचला आणि तुमचं कुठे चुकलं ते कळलं.

कोंबडीचं मूळ रानकोंबडीत. ती बांबूच्या बेटात, झुडपांच्या आडोशाने चरणारी. उघड्या माळावर आली की वर घार आहे, एवढंच तिला कळतं. हे मी माझ्या चुकीतून शिकले. एका उन्हाळ्यात मुंगसाच्या धास्तीने परसातली घाणेरीची झुडपं साफ कापून काढली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या नऊ कोंबड्या पडवीच्या सावलीबाहेर पडेनात. मग चार खुंट ठोकून त्यांवर माडाच्या झावळ्या टाकल्या, दहा पावलांवर तसाच दुसरा मांडव केला. आठवड्याभरात एका सावलीतून दुसरीत पळत पळत त्या कुंपणापर्यंत जायला लागल्या. अजूनही मधलं ऊन त्या मान खाली घालून धावतच पार करतात.

दुसरं, तुमच्या तलंगांनी आभाळच पाहिलेलं नाही. अंड्यांच्या कोंबड्यांसाठी केंद्राने 2023 साली नियम केले, त्यांत पिंजऱ्यात एकीला 550 चौरस सेंटीमीटर जागा सांगितली आहे. झेरॉक्सचा ए-फोर कागद याहून मोठा असतो! इंग्लंडमध्ये मरियन डॉकिन्स या शास्त्रज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात हा प्रश्न थेट कोंबड्यांनाच घातला. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला बाहेरचं आवार, जा कुठे जायचं तिथे. पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबड्या सुरुवातीला पिंजऱ्यातच शिरल्या. बाहेरची थोडी ओळख झाल्यावर मात्र आवार निवडू लागल्या. तेव्हा बायकोला म्हणावं, निकाल इतक्यात नको.

आणि फिरणं म्हणजे त्यांना शतपावली नको असते. त्यांना हवं असतं उकरायला. पाचोळा, शेणाचा ढीग, उकिरडा. तुमच्या लख्ख जमिनीत उकरून मिळणार काय? पाच-सहा टोपल्या पाचोळा पसरा. एका मडक्यात ओलं शेण नि गोणपाटाचे तुकडे कोंबून ते वाळवीच्या जागी रात्रभर पालथं घाला. सकाळी त्यांच्यापुढे उलटं करा आणि बाजूला व्हा.

धुळीची अंघोळ तर बघत बसावी. माझी तांबडी दुपारी आंब्याच्या बुंध्याशी चोचीने माती अंगाखाली ओढते, पिसं फुगवते, मग एका कुशीवर पडून पंखाने धूळ अंगावर उडवत राहते. एक पाय लांब, डोळा अर्धा मिटलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, फिट आली. शेवटी उठून अंग झाडते तो ढग ओटीपर्यंत येतो. उवा-पिसवा आणि पिसांवरचं जादा तेल याने निघतं. पिंजऱ्यातली कोंबडी माती नसतानाही तारेवर पडून हेच हातवारे करते. ते ज्याने पाहिलंय तो ‘आवडतं का’ असं विचारणार नाही.

मोकळं सोडण्यात जोखीम आहेच. घार, मुंगूस, शेजारचा कुत्रा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस वेळेवर टोचून घ्या. दहाच्या आत सोडू नका. अंडी बहुतेक सकाळी देतात, नाहीतर ती कुंपणात शोधत बसाल. संध्याकाळी काळोख पडायला लागला की त्या आपण होऊन परततात, त्यांना अंधारात नीट दिसत नाही. दार लावताना मात्र मोजा. माझ्या नवातली एक हटकून फणसावर चढून बसलेली असते आणि तिला काठीने उतरवण्याचं काम माझंच.

अंघोळीसाठी खुराड्याजवळ, पाऊस लागणार नाही अशा जागी वीतभर खोल खड्डा करा आणि कोरड्या मातीत थोडी राख मिसळून भरा. राख चुलीचीच घ्या. प्लास्टिक जाळलेल्या शेगडीची नको.